पैसे पोचले का?

२०२५च्या दिवाळीत राजापूरजवळच्या आमच्या घरी सगळे जमलो होतो. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पाटावर नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, आजीच्या वेळचे चांदीचे रुपये आणि अण्णांच्या हिशेबाच्या वह्या मांडून झाल्या होत्या. गुरुजी यायचे होते आणि ओटीवरचा टीव्ही आवाज बारीक करून कुणीतरी चालूच ठेवला होता. बातम्यांत पॅरिस दिसलं. फ्रान्सचे माजी अध्यक्ष निकोला सार्कोझी बायकोचा हात हातात घेऊन घराबाहेर पडत होते. रस्त्यावर माणसं त्यांच्या नावाचा घोष करत होती, कुणी राष्ट्रगीत म्हणत होतं. तिथून निघालेली गाडी थेट ला सांते तुरुंगात गेली. २००७ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवण्यासाठी लिबियाचा तेव्हाचा हुकूमशहा गद्दाफी याच्याकडून पैसा मिळवण्याचा कट, शिक्षा पाच वर्षं. निवेदिका पुढे म्हणाली की तो पैसा प्रचारात वापरल्याचं मात्र न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. अण्णा माझे चुलते. उभं आयुष्य गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव म्हणून काढलेलं. पावती दाखवा, नोंद दाखवा, मग बोला, ही त्यांची आयुष्यभराची रीत. ते म्हणाले, "पैसे पोचलेच नाहीत म्हणतायत ना? मग आत कशासाठी टाकला त्याला?"

तेवढ्यात गुरुजी आले आणि विषय तिथेच राहिला.

माझ्या मनातून मात्र तो जाईना. अण्णांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हजारो माणसं हेच विचारत होती, सार्कोझींचे वकील हेच विचारत होते. लाचखोरीच्या आरोपातून सुटका, बेकायदा प्रचारखर्चाच्या आरोपातून सुटका, लिबियाच्या सरकारी पैशाची अफरातफर पचवल्याच्या आरोपातून सुटका. उरला तो एकच, गुन्हेगारी कटाचा. तीन दारं उघडली आणि चौथ्यात माणूस अडकला, असं का झालं असेल? रात्री सगळे झोपल्यावर मी माजघरात फोन घेऊन बसले आणि वाचत राहिले. पुढेही कित्येक रात्री वाचत राहिले. एवढं लांबचं प्रकरण मनाला का लागावं, असं घरच्यांनी विचारलंही.

आमच्या बाजूला सार्कोझी हे नाव नवीन नाही, हे एक कारण. ६ डिसेंबर २०१० रोजी दिल्लीत मनमोहन सिंग आणि सार्कोझी यांच्या उपस्थितीत जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा करार झाला. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या दोन फ्रेंच अणुभट्ट्या माडबनच्या सड्यावर उभ्या राहणार होत्या, पुढे त्यांच्या सहा होणार होत्या. त्या हिवाळ्यात साखरी नाट्याच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या तोंडी मी हे नाव ऐकलेलं आहे. हात खवल्यांनी चकाकणारे, पायाशी बर्फाच्या पाण्याचे ओघळ, आणि बोलणं चाललंय ते पॅरिसमधल्या एका माणसाच्या सहीचं. पुढच्या एप्रिलमध्ये नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला, एक तरुण मेला. भट्ट्या आजवर उभ्या राहिलेल्या नाहीत. त्या कराराचा लिबियाच्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही आणि तसं सुचवण्याचा माझा हेतूही नाही. पण दोन माणसं दूर कुठेतरी खुर्च्यांवर बसून बोलतात आणि त्या बोलण्यातून आपल्या पायाखालच्या जमिनीचं ठरतं, हे आम्ही बघितलेलं आहे. म्हणून असल्या बैठकांत काय बोललं जातं, कोण कोणाला काय कबूल करतं, याकडे माझं लक्ष जातं.

दुसरं कारण त्याच दौऱ्यातलं. दिल्लीनंतर सार्कोझी मुंबईत आले आणि २६/११च्या हल्ल्यात गेलेल्यांना त्यांनी आदरांजली वाहिली. दहशतवादाविरुद्ध फ्रान्स भारताच्या बाजूने उभा आहे, असं ते या दौऱ्यात वारंवार बोलले होते. जैतापूरमुळे त्यांच्यावर माझा राग होता, तरी तो फोटो पाहून बरं वाटलं होतं. परका माणूस आपल्या मेलेल्यांपुढे मान झुकवतो तेव्हा आतून काहीतरी सैल होतंच. आता, पंधरा वर्षांनी, खटल्याचे तपशील वाचताना तो फोटो मनात सारखा मधे येत होता. कारण या खटल्याच्या तळाशीही मेलेली माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं.

१९ सप्टेंबर १९८९. यूटीए या फ्रेंच कंपनीचं ७७२ क्रमांकाचं विमान काँगोतल्या ब्राझाव्हिलहून निघालं, चाडच्या एन्जामेनाला थांबलं आणि पॅरिसच्या दिशेने उडालं. नायजरमधल्या तेनेरे वाळवंटावर असताना सामानाच्या कप्प्यातल्या एका सुटकेसमधला बॉम्ब फुटला. विमानात १७० माणसं होती, एकही वाचलं नाही. आपल्याला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान ठाऊक आहे, त्यामुळे आकाशात फुटलेलं विमान म्हणजे काय, सामानाच्या यादीवरून आणि एखाद्या चपलेवरून माणूस ओळखणं म्हणजे काय, हे कुणी नव्याने सांगायला नको. चाडमधल्या युद्धात फ्रान्स लिबियाच्या विरोधात उभा राहिला होता, त्याचा हा सूड मानला गेला. तपास दहा वर्षं चालला. १९९९ साली पॅरिसच्या न्यायालयाने सहा लिबियन माणसांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप ठोठावली. त्यातलं सर्वांत मोठं नाव अब्दुल्ला सेनुसी. हा गद्दाफीचा साडू आणि त्याच्या गुप्तहेर यंत्रणेतला बडा अधिकारी. लिबियाने त्याला कधीच फ्रान्सच्या हवाली केलं नाही. त्याच्यावरचं वॉरंट कायम राहिलं.

या विमानातल्या माणसांचं स्मारक त्या वाळवंटातच आहे. मी फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला आणि तेनेरे शोधत बसले. बोटाने सरकवत जावं तर मैलोगणती नुसती पिवळट-तांबूस वाळू. रस्ता नाही, वस्ती नाही, झाडाचा ठिपका नाही. वाऱ्याने पाडलेल्या बारीक रेघा तेवढ्या दिसतात. आणि मग अचानक एक काळसर वर्तुळ येतं. आणखी जवळ गेलं की वर्तुळाच्या आत विमानाची आकृती दिसते, पंख पसरलेली, खऱ्या विमानाएवढी. काळे दगड कितीतरी लांबून ट्रकने आणून हाताने रचलेले आहेत. वर्तुळाच्या कडेने १७० आरसे पुरलेत, एकेका माणसासाठी एकेक, आणि ते मुद्दाम फोडलेले आहेत. एका टोकाला त्याच विमानाचा खराखुरा पंख वाळूत उभा रोवलाय. मृतांच्या नातेवाइकांनी लिबियाकडून मिळालेल्या नुकसानभरपाईच्या पैशातून हे उभारलं. ते काम झालं २००७च्या मे-जूनच्या सुमारास. मे २००७ मध्येच सार्कोझी अध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात राहायला गेले. एकीकडे भर उन्हात तिथले मजूर दगड वाहत होते आणि त्याच दिवसांत पॅरिसमध्ये सत्तांतराचे सोहळे चालले होते. या दोन गोष्टींचा महिना जुळल्याचं लक्षात आलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. पणत्या विझल्या होत्या, तेलाचा वास तेवढा मागे होता.

आता २००५कडे जाऊ. सार्कोझी तेव्हा गृहमंत्री होते आणि त्यांना अध्यक्ष व्हायचंय हे फ्रान्समध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गद्दाफीवरचे आंतरराष्ट्रीय निर्बंध नुकतेच उठले होते, पाश्चात्त्य पुढारी एकेक करून त्याच्या तंबूत हजेरी लावत होते. सार्कोझी ऑक्टोबरमध्ये त्रिपोलीला जाऊन त्याला भेटले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, स्थलांतर आणि सुरक्षेवर बोलणी झाली. पण त्याच्या थोडं आधी त्यांचे सर्वांत विश्वासू अधिकारी क्लोद गेआं तयारीसाठी त्रिपोलीला गेले होते, आणि तिथे त्यांनी अब्दुल्ला सेनुसीची गाठ घेतली. डिसेंबरमध्ये सार्कोझींचे जुने मित्र ब्रिस ऑर्तफ्यू गेले आणि त्यांनीही सेनुसीची भेट घेतली. ऑर्तफ्यू यांच्याकडे तेव्हा फ्रान्समधल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचं खातं होतं. गावं-शहरांचा कारभार बघणाऱ्या मंत्र्याचं लिबियाच्या गुप्तहेरप्रमुखाशी काय काम असावं? दोन्ही वेळा फ्रान्सच्या राजदूताला पत्ता नव्हता. दोन्ही वेळा मधला माणूस एकच, झियाद तकीएद्दीन नावाचा लेबनीज वंशाचा दलाल. दोघांनीही पुढे सांगितलं की आम्हाला फसवून तिथे नेलं, आम्ही सापळ्यात सापडलो. सार्कोझी सांगत आले की या भेटींची मला कल्पनाच नव्हती.

इथे मी बराच वेळ अडखळले. समजा खरोखर सापळा होता. तुमच्या देशाच्या न्यायालयाने १७० खुनांसाठी जन्मठेप दिलेला माणूस अचानक समोर येऊन बसला. तुम्ही उठून निघत नाही. परत आल्यावर परराष्ट्र खात्याला कळवत नाही, पोलिसांना कळवत नाही, तुम्ही स्वतः गृहखात्याचे असून कळवत नाही. आणि तीन महिन्यांनी तुमच्या गटातला दुसरा माणूस, त्याच दलालाबरोबर, त्याच माणसाकडे जातो. हे मला पटत नाही. न्यायाधीशांनाही पटलं नाही.

सरकारी पक्षाचं म्हणणं असं की पैशाच्या बदल्यात लिबियाला बऱ्याच गोष्टी हव्या होत्या. जगात पुन्हा मान हवा होता, अणुतंत्रज्ञानाचं सहकार्य हवं होतं, आणि सेनुसीच्या डोक्यावरची ती जन्मठेप हलकी व्हायला हवी होती. २००७ साली काय काय घडलं ते क्रमाने बघितलं की मन अस्वस्थ होतं. जुलैमध्ये लिबियात आठ वर्षं कैदेत पडलेल्या बल्गेरियन परिचारिका आणि त्यांच्याबरोबरचा पॅलेस्टिनी डॉक्टर सुटले. त्यांना आणायला सार्कोझींच्या तेव्हाच्या पत्नी सेसिलिया गेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सार्कोझी त्रिपोलीत पोचले आणि अणुऊर्जेच्या सहकार्याचा समझोता झाला. डिसेंबरमध्ये गद्दाफी पॅरिसला आला आणि एलिझेशेजारच्या सरकारी अतिथिगृहाच्या बागेत त्याचा तंबू ठोकला गेला. गुळगुळीत कापलेली हिरवळ, उंच जुनी झाडं आणि मधे तो वाळवंटी तंबू, हे चित्र तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आलं होतं आणि लोकांनी गंमत म्हणून पाहिलं होतं. त्याच्या आगमनाचा दिवस नेमका मानवी हक्क दिनाचा, १० डिसेंबर. मानवी हक्क हेच खातं सांभाळणाऱ्या तरुण मंत्री रामा याद यांनी त्याच दिवशी उघडपणे सांगितलं की आमचा देश म्हणजे कुणी येऊन रक्ताने माखलेले पाय पुसावेत असं पायपुसणं नव्हे. स्वतःच्या सरकारात राहून, स्वतःच्या अध्यक्षाच्या पाहुण्याबद्दल. त्या बाईंचं मला फार कौतुक वाटतं. परिचारिकांची सुटका ही चांगलीच गोष्ट होती, हेही मनापासून म्हणते. आठ वर्षांनी कैदेतून घरी आलेल्या बाईला या सुटकेची किंमत कुणी कशी चुकवली हे विचारायला माझी जीभ रेटणार नाही.

पैशाचा माग काढू गेलं की मात्र वाट सारखी वाळूत बुडते. लिबियातून तकीएद्दीनच्या कंपनीच्या खात्यात २००६ साली सुमारे ६० लाख युरो आले, एवढं कागदावर दिसतं. तिथून ते प्रचारात गेले हे दाखवता आलं नाही. तकीएद्दीनने एकदा कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मी स्वतः नोटांनी भरलेल्या सुटकेसी पॅरिसला नेऊन पोचवल्या. चार वर्षांनी बैरुतमध्ये बसून म्हणाला, तसं काही घडलंच नव्हतं. मग पुन्हा फिरला. निकालाच्या दोनच दिवस आधी तो बैरुतमध्ये वारला. लिबियाचे माजी तेलमंत्री शुक्री घानेम यांची एक वही सापडली, तीत २९ एप्रिल २००७च्या नोंदीत सार्कोझींसाठी दिलेल्या रकमांचा उल्लेख होता. घानेम यांचं प्रेत २९ एप्रिल २०१२ रोजी व्हिएन्नात डॅन्यूब नदीत तरंगताना सापडलं. बरोबर पाच वर्षांनी, तीच तारीख. यातून मनाने काय काय रचावं? मी त्या रात्री बरंच रचलं, आणि मग स्वतःला आवरलं, कारण तारीख जुळणं हा पुरावा नसतो. गेआं यांनी २००७च्या प्रचाराच्या ऐन दिवसांत पॅरिसच्या ऑपेरा भागातल्या बँकेत माणूस उभा राहील एवढी मोठी तिजोरी भाड्याने घेतली होती. कशासाठी, तर म्हणे सार्कोझींच्या भाषणांच्या प्रती ठेवायला. पुढे त्यांच्या खात्यात पाच लाख युरो आले आणि त्यातून पॅरिसमध्ये फ्लॅट झाला. ते पैसे कसले, तर दोन जुनी समुद्रचित्रं एका मलेशियन वकिलाला विकल्याचे. अण्णांच्या सोसायटीत अशी नोंद कुणी आणली असती तर त्यांनी चष्म्यावरून फक्त बघितलं असतं.

आणि दुसऱ्या बाजूने हेही खरं, की या प्रकरणाचा सर्वांत गाजलेला कागद बहुधा बनावट निघाला. २०१२च्या निवडणुकीच्या ऐन धामधुमीत 'मेदियापार' या वृत्तस्थळाने लिबियन सरकारचं एक पत्र छापलं होतं, पाच कोटी युरो द्यायचं ठरल्याचं. फ्रान्समध्ये तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवाराला प्रचारावर जेमतेम दोन कोटींच्या आसपास खर्च करता येत असे, म्हणून ती रकम ऐकूनच लोक हादरले. तेरा वर्षं त्या कागदावर वाद झाले. निकाल वाचताना न्यायाधीश नाताली गाव्हारिनो म्हणाल्या की तो खोटा असण्याचीच शक्यता जास्त आहे. सार्कोझींचं पहिल्यापासून म्हणणं आहे की हे सगळं गद्दाफीच्या गोतावळ्याने उगवलेला सूड आहे. मार्च २०११मध्ये लिबियावर पहिले बॉम्ब टाकले ते फ्रेंच विमानांनी, आणि त्याच्या काही दिवस आधी गद्दाफीच्या मुलाने, सैफने, मुलाखतीत म्हटलं होतं की सार्कोझींनी आमच्याकडून घेतलेले पैसे आधी परत करावेत. गद्दाफी त्याच ऑक्टोबरमध्ये मारला गेला. सूडाची गोष्ट अगदीच टाकाऊ नाही. बुडत्या राजवटीतल्या माणसांना काहीही बोलायला कारण होतं.

परकीयांचा हात ही गोष्ट किती सहज चिकटवता येते, हे आपल्या पिढीने घरातच ऐकलंय. सत्तरच्या दशकात महागाई वाढली, संप झाला, विद्यार्थी रस्त्यावर आले, की दिल्लीहून परकीय हाताचं नाव निघायचं. मोरारजी देसाईंचं तर अखेरपर्यंत त्यात पोळणं झालं. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेला, देशाचा पंतप्रधान झालेला माणूस. एका अमेरिकन पत्रकाराने १९८३ साली पुस्तकात लिहिलं की ते सीआयएचे पगारी खबरे होते. मोरारजींनी अमेरिकेत अब्रुनुकसानीचा दावा लावला, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी येऊन साक्ष दिली की मला तरी असं काही ठाऊक नाही. १९८९मध्ये शिकागोच्या ज्युरीने दावा फेटाळला. तिथल्या कायद्यात सार्वजनिक माणसाला पत्रकाराचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो, तो झाला नाही. आरोप खरा ठरला नव्हता, पण पुसलाही गेला नाही. नव्वदी ओलांडलेले मोरारजी सुनावणीला तिकडे जाऊही शकले नाहीत. आमच्या घरी माझे आजोबा मोरारजींच्या हट्टी स्वभावावर, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळच्या गोळीबारावर तोंडसुख घ्यायचे, पण हा विषय निघाला की म्हणायचे, तेवढं नाही हो, तेवढं त्या माणसात नव्हतं. म्हणून नुसत्या संशयावर कुणाला बाहेरच्या देशाचा माणूस ठरवायला मी तयार नाही. निवडणुकीत हरवता येत नाही त्याला परक्यांच्या खिशातला म्हणून टाकावं, हे जगभर चालतं आणि त्याने लोकांचा मतदानावरचा विश्वासच जातो.

असं असताना मला हा निकाल पटतो. का, ते सांगते.

पैसा पोचल्याचा पुरावा नाही, म्हणून न्यायालयाने त्या तीन आरोपांतून सोडलं. संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा तो मिळाला. ज्या कागदाने सगळं सुरू झालं तो बाजूला ठेवला. पलटी मारणाऱ्या तकीएद्दीनवर विसंबायचं नाकारलं. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरलं त्याला धक्का लागत नव्हता. गृहमंत्री आणि पक्षाध्यक्ष असताना, अध्यक्षपदावर डोळा ठेवून, सार्कोझींनी आपल्या हाताखालच्या आणि आपल्या नावाने वावरणाऱ्या माणसांना लिबियाच्या राजवटीकडे पैसे मागायला जाऊ दिलं, असं न्यायालय म्हणालं. फ्रान्सच्या कायद्यात अशी तयारी हाच गुन्हा आहे, पुढे रक्कम पोचो वा न पोचो. आपल्याकडेही गुन्हेगारी कटाचं कलम आहेच. दरोड्याचा बेत शिजला आणि बँक बंद निघाली, तरी बेत शिजवणारे मोकळे सुटत नाहीत. गेआं यांना सहा वर्षं, ऑर्तफ्यू यांना दोन. सार्कोझी न्यायालयाबाहेर म्हणाले की मी तुरुंगात झोपावं असंच त्यांना वाटत असेल तर झोपेन, पण ताठ मानेने. वीसेक दिवसांनी ते देखरेखीच्या अटींवर सुटले. अपील केलेलंच होतं, आणि फ्रान्समध्ये अपील म्हणजे सगळा खटला नव्याने, त्या काळात आरोपी कायद्याने पुन्हा निर्दोष धरला जातो. तेव्हा शेवटचा शब्द इथे मी बोलत नाही.

मला जे वाटतं ते पैशापलीकडचं आहे. बाहेरच्या सत्तेच्या प्रभावाबद्दल बोलताना आपण नेहमी रकमेत अडकतो. किती कोटी, कुठल्या बँकेतून, कुणाच्या हाती. अण्णाही तिथेच थांबले होते. पण परका देश पैसे देतो ते कशाच्या बदल्यात देतो, आणि ती वस्तू मुळात कोणाच्या मालकीची असते? सेनुसीची जन्मठेप सार्कोझींच्या मालकीची नव्हती. गेआंची नव्हती. ती त्या १७० माणसांच्या घरच्यांनी दहा वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेली होती. कुठल्याही हुकमी बहुमताने, कुठल्याही राष्ट्रहिताच्या नावाने ती परस्पर बोलणीच्या टेबलावर ठेवायचा हक्क कुणालाही नव्हता. ती नुसती ठेवली गेली असेल, तिच्याबद्दल नुसतं 'बघू या काही करता येतंय का' असं कुणी म्हटलं असेल, तरी तेवढ्याने माझ्या दृष्टीने व्यवहार झाला. मग नोटा आल्या का नाही, हा हिशेबनिसांचा प्रश्न.

जानेवारी २०२५मध्ये खटल्याच्या सुनावणीत मृतांचे नातेवाईक न्यायालयात उभे राहिले. १९८९ साली जी मुलं होती ती आता पन्नाशीला आलेली. आपल्या बापाला, आईला, भावाला मारल्याबद्दल जन्मठेप झालेल्या माणसाच्या घरी आपल्याच देशाचा मंत्री जाऊन आला, हे त्यांनी न्यायालयात बोलून दाखवलं. पलीकडे आरोपींच्या खुर्च्यांत माजी अध्यक्ष बसलेले होते आणि ऐकत होते. या बातम्या मी पुनःपुन्हा वाचल्या. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बाप गमावलेल्या मुलाला उद्या कळलं, की आपल्या एखाद्या पुढाऱ्याचा माणूस निवडणुकीच्या आधी चोरून त्या कटातल्या सूत्रधाराला भेटून आला होता, तर? त्या मुलाला कुणी सांगायचं, की बाबा, पैसे पोचल्याचं सिद्ध झालेलं नाही?

दिवाळी संपवून निघायच्या आदल्या दिवशी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते सोप्यावर सुपारी कातरत होते. मधे मधे प्रश्न विचारत होते, खातं कुठल्या नावावर होतं, तिजोरीची नोंद कुणी बघितली. मी विमानाचं सांगायला लागले तेव्हा त्यांचा अडकित्ता थांबला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वॉरंट रद्द झालं का शेवटी?"

नाही झालं. ते कधीच रद्द झालं नाही. सेनुसी आज लिबियाच्याच कैदेत आहे, गद्दाफीच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी, आणि फ्रान्समधली ती १९९९ची जन्मठेप त्याने एक दिवसही भोगलेली नाही. अण्णांचं समाधान झालं असं नाही. "मग दिलं काय यांनी त्याला?" असं त्यांनी लगेच विचारलं, आणि मी म्हटलं, "अण्णा, देऊ म्हणाले असतील तर?" त्यावर आमचा वाद रात्री जेवणापर्यंत चालला आणि मिटला नाही. त्यांच्या मते शब्दाची नोंद होत नाही, म्हणून शिक्षाही व्हायला नको. माझ्या मते देशाच्या सर्वांत वरच्या खुर्चीत बसू पाहणाऱ्या माणसाच्या शब्दाची नोंद सर्वांत आधी व्हायला हवी. त्या अपिलाच्या निकालपत्रात मी पैशांचा भाग नंतर वाचेन. आधी सेनुसीबद्दल काय म्हटलंय ते शोधेन, आणि अण्णांना फोन करेन.